चौथ्या रकान्याची पार्श्वभूमी

दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली चौथी म्हणजे स्वतःचा नैतिक आढावा, तोही लेखी. तिची मुळं दारूत नाहीत, एका भांडणात आहेत. फ्रँक बुकमन या अमेरिकी पाद्र्याचं फिलाडेल्फियातल्या मुलांच्या वसतिगृहाच्या सहा विश्वस्तांशी जेवणाच्या खर्चावरून बिनसलं. राजीनामा दिला, पण राग गेला नाही. 1908 मध्ये इंग्लंडमधल्या केसिक इथं, एका छोट्या चॅपेलमध्ये प्रवचन ऐकताना त्याला हिशेब उमगला: चुकलेले सहा, आणि सातवा आपण. त्यानं सहाही जणांना पत्रं लिहिली. मनात अढी धरली होती, माफ करा, एवढंच. त्यांच्या चुकीबद्दल अवाक्षर नाही. एकाचंही उत्तर आलं नाही.

यातून पुढं ऑक्सफर्ड ग्रुप ही ख्रिस्ती चळवळ उभी राहिली. पहाटे वही-पेन्सिल घेऊन शांत बसायचं. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थता आणि प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला घासायचं. जे सापडेल ते एका विश्वासू माणसाला सांगायचं. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये भेटलेले बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ दोघंही या ग्रुपमधले; दारू सोडणाऱ्यांची संघटना सुरू केली ती त्यांनीच. दारू सोडणाऱ्यांना त्या चार कसोट्या फार कडक पडत. 1939 पर्यंत ते वेगळे झाले, वही मात्र सोबत नेली.

त्याच वर्षीच्या त्यांच्या पुस्तकात नमुन्याचा तक्ता आहे. राग कुणावर, कशामुळे, आणि माझ्या कशाला धक्का लागला, असे तीनच रकाने छापलेत. चौथा मजकुरात आहे: समोरच्याचा दोष बाजूला ठेवून माझं काय चुकलं? समजा, साहेब चारचौघांत बोलले. स्वाभिमान दुखावला, नोकरीची धास्ती बसली. चौथ्यात येतं: बिलं आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवली आणि 'पाठवली' म्हणून सांगितलं.

गाडी अडते ती इथंच. तीन रकाने भराभर भरतात आणि वहीची तक्रारवही होते. काही जण 'मी फार रागीट' लिहून मोकळे होतात. पण त्यातून पुढं करायचं काय? कधी, कुणाशी, काय केलं, हे हवं. 'माझंही चुकलं, पण...' हा तर चौथ्यात शिरलेला दुसरा रकाना. पाचव्या पायरीला सगळं दुसऱ्याला वाचून दाखवायचं ते त्यासाठीच. असा 'पण' ऐकणाऱ्याला चटकन कळतो. नवव्या पायरीला भरपाई, पण त्यानं कुणाला इजा होणार असेल तर नाही. स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या संसारावर टाकणं ही भरपाई नव्हे.

खुद्द बुकमनचा तोल पुढं गेलाच. 1936 मध्ये कम्युनिझमविरोधाच्या भरात त्यानं एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत हिटलरबद्दल देवाचे आभार मानले. जग बदलायला निघाल्यावर सातवा माणूस विसरला, असं आम्हाला वाटतं.

1938 मध्ये ऑक्सफर्ड ग्रुपचं नैतिक पुनरुत्थान चळवळीत रूपांतर झालं. तिचं भारतातलं केंद्र, पाचगणीचं एशिया प्लॅटो, राजमोहन गांधींच्या पुढाकारानं 1968 मध्ये सुरू झालं. वही घेऊन शांत बसण्याचा परिपाठ तिथं आजही आहे.