ठाणे–लंडन : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

ठाण्यापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 7,200 किमी आहे. ठाण्याला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही. इथला प्रवासी मुंबईच्या सहार विमानतळावर जातो. पनवेल-उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरूनही डिसेंबर 2025 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. हा विमानतळ सहारच्या आग्नेयेला असल्याने तिथून लंडन वीसेक किलोमीटर लांब पडते. विमानाला तेवढे अंतर कापायला दीड मिनिट पुरते.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा तसे मोजतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर तिचा मध्य तुर्कस्तानच्या दक्षिण भागात येतो. गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा मध्य मात्र त्याच्या बराच उत्तरेला, आर्मेनिया-जॉर्जिया सीमेजवळ पडतो. ही वाट सौराष्ट्र, कराचीचा परिसर, इराण आणि पुढे युक्रेनवरून जाते.

प्रत्यक्षात ती सरळ मिळत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली आणि ती बंदी पुढे वेळोवेळी वाढवली. त्यामुळे भारतीय कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, तर त्याच दिवशी निघालेल्या परदेशी कंपनीच्या विमानाला पाकिस्तानवरून जाण्याची मुभा असते. नुसता किलोमीटरचा आकडा म्हणूनच प्रवाशाच्या फारसा उपयोगाचा नाही.

ताशी 900 किमी वेगाने हिशेब केला तर आठ तास होतात. वेळापत्रकात जाताना दहा तासांच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास वेळ दिसतो. विमान जागेवरून हलल्यापासून हीथ्रोला जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो, म्हणजे धावपट्टीसाठी थांबणे आणि उतरण्याआधी घिरट्या घालणेही आलेच. जाण्या-येण्यातला फरक वाऱ्यामुळे पडतो. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुझोत जाताना समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा. भारतीय वेळ लंडनच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास असते. दुपारी 2 ला निघून दहा तासांनी पोहोचलेला प्रवासी उन्हाळ्यात तिथल्या संध्याकाळी साडेसातला उतरतो, हिवाळ्यात साडेसहाला.

मुंबई–लंडन मार्गावर एअर इंडियाची पहिली सेवा 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने सुरू झाली. ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले होते.

ठाणेकराने विमानप्रवासाच्या नऊ-दहा तासांत विमानतळावरचे तीन तास आणि घरापासूनचा रस्ता धरायला हवा. सहारला जाताना जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता, तर नवी मुंबईला जाताना ठाणे–बेलापूर रस्ता लागतो. घोडबंदरकडून संध्याकाळच्या गर्दीत निघणाऱ्याने तर आणखी तासभर हाताशी ठेवलेला बरा.