कॅथीड्रलच्या भिंतीतला अंधारा पट्टा

फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलच्या मुख्य दालनात उभं राहून भिंतीवरून नजर वर नेली, की तीन थर दिसतात. खाली भव्य कमानी, वर रंगीत काचांच्या उंचच उंच खिडक्या आणि या दोहोंच्या मध्ये बुटक्या कमानींची एक ओळ. तिच्यामागे उजेडाचा पत्ता नाही, आहे ती फक्त एक चिंचोळी वाट. या ओळीला ट्रायफोरियम म्हणतात. सगळा सोस उजेडाचा, मग मधेच हा काळोख कशाला?

याचं कारण बाहेरच्या छपरात आहे. मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना कमी उंचीची दालनं असतात. त्यांचं छप्पर आपल्या पडवीसारखं एकपाखी, वरच्या कडेला मुख्य भिंतीला टेकलेलं. छपराच्या आड गेलेल्या भिंतीत खिडकी काढली तर ती माळ्यावर उघडणार! मग तो भुंडा पट्टा कमानींनी सजवायचा, एवढंच हाती उरतं.

शार्त्रच्या आधीच्या चर्चमध्ये याच सुमाराच्या उंचीवर चांगली रुंद गॅलरी असे, आणि ती नुसती शोभेची नव्हती. दगडी छत भिंतींना बाहेर रेटतं. गॅलरीचं बांधकाम त्या रेट्याला अडवायला मदत करी. इंग्लंडमध्ये डरहॅमला (बांधकाम सुरू १०९३) गॅलरीच्या छपराखाली पाव वर्तुळाच्या कमानी आजही लपलेल्या आहेत. फ्रान्समधल्या लाँ शहराच्या कॅथीड्रलमध्ये तर गॅलरीही आहे आणि तिच्यावर ट्रायफोरियमही, म्हणजे एकूण चार थर.

११९४ च्या आगीनंतर शार्त्र नव्यानं उभं राहिलं, तेव्हा रेटा पेलायचं काम बाहेरच्या फ्लाइंग बट्रेसकडे, म्हणजे अधांतरी कमानींच्या धिऱ्यांकडे गेलं. गॅलरीची गरज संपली, खिडक्या वाढल्या. छप्पर मात्र होतं तिथेच राहिलं, म्हणून अंधारा पट्टाही राहिला.

तो सुटला छप्पर बदलल्यावर. पॅरिसजवळच्या सें-दनी चर्चच्या १२३१ पासूनच्या पुनर्बांधणीत बाजूच्या दालनांवरचं छप्पर मुख्य भिंतीपासून सोडवलं आणि ट्रायफोरियमच्या मागच्या भिंतीत काचा बसवल्या. मला हा बदल फ्लाइंग बट्रेसइतकाच धाडसी वाटतो. एकपाखी छपरावरून पाणी सरळ बाहेर पडतं. इथे ते भिंत आणि छपराच्या मधल्या पन्हळीत साठणार, आणि पन्हळ तुंबली की गळती ठरलेली. तरीही ही पद्धत पसरली. आमियाँला हे दोन्ही प्रकार एकाच छताखाली दिसतात. १२२० पासून बांधलेल्या मुख्य दालनात ट्रायफोरियम अंधारा आहे, तर नंतर झालेल्या वेदीकडच्या भागात त्याच ओळीतून ऊन आत येतं.