तलाठी : गावच्या जमिनीचं दप्तर आणि ते लिहिणारा माणूस

तलाठी हा महाराष्ट्राच्या महसूल खात्यातला गावपातळीवरचा कर्मचारी. त्याच्या ताब्यात एक सजा असतो, म्हणजे एखादं मोठं गाव किंवा दोन-चार लहान गावं मिळून केलेला भाग, आणि त्या भागातल्या प्रत्येक गट नंबरचा हिशोब त्याच्या दप्तरात असतो. जमीन कोणाच्या नावावर, किती हेक्टर किती आर, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, विहीर सामाईक आहे का, यंदा पीक काय, सगळं. हल्ली कागदोपत्री पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि त्याच्या हाताखालच्या कोतवालाचं महसूल सेवक, पण गावात अजून तलाठी भाऊसाहेबच चालतं, विदर्भात तर जुनी माणसं सरळ पटवारी म्हणतात.

कायद्याने बघायला गेलं तर हे पद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधून येतं, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल, मग नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत आणि कलेक्टर. या उतरंडीत तलाठी सगळ्यात खाली आणि खरं सांगायचं तर निकाल द्यायचा अधिकार त्याला जवळजवळ नाहीच, तो फक्त लिहितो. पण वरचे सगळे साहेब त्याने लिहिलेलं वाचूनच निकाल देतात, म्हणून गावात कलेक्टरपेक्षा तलाठ्याला जास्त वचकून असतात.

लोकांची गल्लत कुठे होते ते आधी सांगून टाकतो. ग्रामसेवक वेगळा, तो जिल्हा परिषदेचा माणूस, घरपट्टी, जन्म-मृत्यू, ग्रामसभा हे त्याचं. घराचा उतारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो आणि शेतीचा खाते उतारा तलाठ्याचा ८-अ, या दोन आठांमुळे बँकेत कित्येक जण चुकीचा कागद घेऊन उभे असतात. पोलीस पाटील तिसराच, तो कायदा-सुव्यवस्थेच्या बाजूचा. आणि मोजणी तलाठी करत नाही! बांध कोरला, हद्द सरकली असली तक्रार घेऊन त्याच्याकडे जाऊन उपयोग नाही, त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, आणावा लागतो.

तलाठ्याच्या आधी हे काम वतनदार कुलकर्णी करायचे. पाटील वसुली आणि गावचा कारभार बघायचा, कुलकर्णी लिखापढी, आणि दोन्ही पदं बापाकडून मुलाकडे. लिहिता येणारा गावात एकच घर असलं की काय होतं ते सांगायला नको, कलमकसाई ही शिवी त्यातूनच पडली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन काढून टाकलं आणि त्या जागी पगारी तलाठी नेमले, वेगवेगळ्या जातीतल्या पोरांना शिकवून. त्यावर तेव्हा मोठं रान उठलं होतं. मुंबई राज्यात हीच गोष्ट व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं, परगणा व कुलकर्णी वतन रद्द करणारा कायदा १९५० चा, आणि महसुली पाटलांचं पद त्यानंतर १९६२ च्या कायद्याने गेलं. दप्तर मात्र इंग्रजांच्या काळात बसवलेलंच राहिलं. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ ला आला आणि गाव नमुन्यांची, म्हणजे दप्तरातल्या ठरावीक नोंदवह्यांची, जी घडी अँडरसन नावाच्या आयसीएस साहेबाने बसवली तीच थोडीफार अजून चालू आहे, खात्यात आजही अँडरसन मॅन्युअल म्हटलं की जुन्या तलाठ्यांना कळतं.

तर हे नमुने १ ते २१ आहेत. १ म्हणजे आकारबंद, म्हणजे प्रत्येक जमिनीचं क्षेत्र आणि तिचा सारा, ६ फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेले बदल, ६-अ तक्रारीच्या नोंदी, ६-क वारस, ७ अधिकार अभिलेख, ८-अ खाते, १२ पिकांची नोंद. नमुना ७ वर आणि नमुना १२ खाली असा एकाच कागदावर छापला की झाला सातबारा. बाकीच्यात जनावरं आणि गाड्यांचा नमुना पण आहे, आवक-जावक आहे, पोस्टाच्या तिकिटांचा हिशोबसुद्धा आहे, ते कोणी उघडून बघत नाही. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं, त्याच्या आत वसुली, ताळमेळ, जमाबंदी सगळं मिळवायचं असतं.

सगळ्यात जास्त जीव अडकलेला असतो तो फेरफारात. एक साधी वारस नोंद घ्या. बाप वारला, मुलगा मृत्यूचा दाखला, सातबारा, ८-अ आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन चावडीत आला. तलाठी गावात चौकशी करून ६-क ला वारसांची नोंद घेतो, ती सर्कलने मान्य केली की मग नमुना ६ ला फेरफार लिहायचा, हितसंबंधितांना कलम १५० खाली नोटीस काढायची, एक प्रत चावडीवर लावायची, १५ दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत नाही आली तर सर्कल नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. हरकत आली तर ६-अ ला जाते आणि सुनावणी लागते. पूर्वी प्रमाणित होईपर्यंत नोंद पेन्सिलीने लिहीत, नंतर शाई. आता खरी गोम अशी की प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं आहेत का नाहीत. भावाचं म्हणणं असतं त्यांना देऊन झालंय, हुंडा दिला, लग्न केलं, आता कशाला नाव. हुशार तलाठी इथे ठाम राहतो, म्हणतो सगळी नावं लावा आणि ज्यांना सोडायचंय त्यांनी रजिस्टर हक्कसोड करून द्यावी, कारण नाव गाळलं तर वीस वर्षांनी भाचा प्रांताकडे अपील घेऊन येतो आणि तेव्हा ती नोंद ज्याच्या हाताची असते त्याला निवृत्तीनंतरही तारखेला बोलावतात. वाकवता येणारा तलाठी असला की नावं गळतात, आणि ती परत लावायला बहिणीला पुढे कोर्टात जावं लागतं.

हे झालं रोजचं. पण लेखणीचं वजन कळायला कुळकायदा बघावा. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरला, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ हे कायद्याने मालक झालं असं मानायचं. कसत कोण होतं हे ठरवताना पुरावा म्हणून आधी बघितला जायचा तो सातबाऱ्याचा पीकपाण्याचा भाग, म्हणजे शिवारातली पिकं बघून नोंदवायच्या पहाणीला तलाठ्याने वहिवाटदार, म्हणजे प्रत्यक्ष कसणारा, म्हणून कोणाचं नाव लावलं होतं. ज्याचं लागलं तो कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली ठरलेली किंमत भरून मालक झाला. ज्याचं नाव त्या एक-दोन वर्षांत खोडलं गेलं, किंवा खुद्द कसणारा म्हणून सावकाराचंच चढलं, त्याच्या नातवंडांच्या केसेस अजून चालू आहेत. एका रकान्यातली एक ओळ, महिन्याच्या पगारावरच्या माणसाने लिहिलेली.

खरं तर सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. सारा, म्हणजे जमिनीचा कर, कोणाकडून घ्यायचा यासाठीचं ते रेकॉर्ड आहे आणि सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी येतही नाही आणि जातही नाही. पण संहितेचं कलम १५७ म्हणतं की प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, आणि ते उलट सिद्ध करायला दिवाणी कोर्टात किती वर्षं जातात ते ज्याची केस आहे त्याला विचारा. त्यामुळे गावात सातबारा म्हणजेच जमीन, त्यात फार काही चूक आहे असं मला वाटत नाही.

पहाणीचं आता बदललंय. पूर्वी तलाठ्याने हंगामात शिवार फिरून नोंद करायची असा नियम, प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी पारावर बसून, गेल्या वर्षी ऊस होता तर यंदा पण ऊसच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो टाकायचा, तलाठी त्यातल्या १० टक्के तपासतो. रेंज नसली की बांधाबांधाने मोबाईल वर धरून हिंडायचं. ज्याला जमत नाही त्याचा पेरा कोरा राहतो आणि मग विमा आणि हमीभाव खरेदीला अडतं, शिव्या पुन्हा तलाठ्यालाच.

गारपीट, अतिवृष्टी झाली की पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघांनी मिळून, आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत. चिखलात उभं राहून ३० का ३५ हे ठरवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि गाव सगळं मागे उभं असतं. खरीप संपता संपता पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा अंदाज, ती ५० च्या आत आली तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो, म्हणून त्या बैठकीतही दबाव असतोच. याशिवाय दाखल्यांसाठीचे अहवाल, निवडणूक, पीएम किसानच्या याद्या, आणि रात्री वाळूच्या गाड्या अडवणं. शेवटच्या कामात तलाठ्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घालायचे प्रकार झालेत, हातात काठी पण नसलेल्या माणसाला कोतवाल बरोबर देऊन नदीत पाठवायचं हे धोरण कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही.

आता दुसरी बाजू. लाचलुचपतच्या सापळ्यांच्या बातम्यांत महसूल खातं कायम वर असतं आणि त्यात तलाठी हमखास. फेरफार धरायला इतके, सर्कलकडे पाठवायला इतके, असे दर काही ठिकाणी ठरलेले असतात हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुसरं म्हणजे झिरो तलाठी, म्हणजे भाऊसाहेबांनी खिशातून पगार देऊन ठेवलेला खाजगी पोरगा, तोच ऑफिस उघडतो, तोच पासवर्ड वापरतो. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा चार्ज असला की हे होणारच, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. सजे वाढवायला २०१७ मध्ये ३,१६५ नवीन सजे मंजूर झाले, भरती बरीच उशिरा आली. २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांना १० लाखांवर अर्ज होते, पदवी पाहिजे, २०० मार्कांची परीक्षा, मुलाखत नाही, आणि नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पेपरांचे मार्क एका पातळीवर आणताना, एका उमेदवाराला २०० पैकी २१४ पडले म्हणून राज्यभर गाजली.

कॉम्प्युटर आल्यावर तलाठ्याचं महत्त्व संपेल असं बोललं जायचं. ई-फेरफार आलं, रजिस्ट्री झाली की खरेदीची माहिती आपोआप तलाठ्याच्या लॉगिनला जाते, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, वारस किंवा बोजा नोंदीचा अर्ज ई-हक्कवर करता येतो. सातबाऱ्याच्या एका कागदासाठी चावडीत दिवस घालवायचा प्रकार खरंच गेला. पण हस्तलिखितावरून टायपिंग करताना नावं चुकली, क्षेत्र चुकलं, इतर हक्कातला शेरा राहून गेला, मग चावडी वाचन म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवणं, री-एडिट म्हणजे कॉम्प्युटरवरची दुरुस्ती, असे प्रकार करून जुळवाजुळव झाली आणि तरी उरलेल्या चुकांसाठी कलम १५५ चा अर्ज तहसीलदाराकडे, आणि तहसीलदार तो अहवालासाठी पाठवतो तलाठ्याकडेच. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढावी लागली, कारण हजारो उताऱ्यांवर मेलेल्या माणसांचीच नावं होती.

महाराष्ट्राबाहेर हीच जागा वेगवेगळ्या नावांनी आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगडला पटवारी, उत्तर प्रदेशात लेखपाल, तिथे चरणसिंग महसूलमंत्री असताना संपावर उतरलेल्या पटवाऱ्यांचे राजीनामे सरकारने सरळ मंजूर केले आणि नवीन लेखपाल भरले. गुजरातेत तलाटी, तिकडे ग्रामपंचायतीचा मंत्री, म्हणजे सचिव, म्हणूनही बऱ्याच ठिकाणी तोच, म्हणजे आपले तलाठी आणि ग्रामसेवक एकाच खुर्चीत. गोव्यात पद तलाठ्याचंच आहे पण सातबारा नाही, तिथला उतारा नमुना १ व १४ चा, आणि गोव्यात जमीन घेणारे इकडचे लोक पहिल्यांदा तिथेच अडखळतात.