सर्वेक्षण बरे की जनगणना?

६ मे २००८ रोजी नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियाना या दोन अमेरिकी राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातली झुंज तेव्हा पाचव्या महिन्यात शिरली होती. नॉर्थ कॅरोलायनात ओबामा सात-आठ टक्क्यांनी पुढे आणि इंडियानात क्लिंटन पाचेक टक्क्यांनी पुढे, असे मतदानपूर्व चाचण्यांची सरासरी सांगत होती. ओबामांचा जोर ओसरला, अशी चर्चा टीव्हीवर रंगली होती. इंटरनेटवर 'पोब्लानो' या नावाने लिहिणाऱ्या एका माणसाचे म्हणणे मात्र वेगळे होते. त्याच्या हिशेबाने नॉर्थ कॅरोलायना ओबामा १७ टक्क्यांनी जिंकणार होते आणि इंडियानात क्लिंटन जेमतेम दोन टक्क्यांनी पुढे राहणार होत्या. निकाल लागला तेव्हा फरक होता अनुक्रमे जवळपास १५ आणि सव्वा टक्क्याहूनही कमी.

पोब्लानो ही मेक्सिकोतली एक मिरची, आपल्या लवंगीच्या मानाने अगदीच सौम्य. या नावाआडचा माणूस होता नेट सिल्व्हर. बेसबॉलच्या खेळाडूंची पुढच्या हंगामातली कामगिरी आकड्यांवरून ताडणे हा त्याचा व्यवसाय. या अंदाजासाठी त्याने एकाही मतदाराला फोन केला नव्हता. आधी मतदान झालेल्या राज्यांचे निकाल आणि जनगणनेचे तक्ते, एवढ्यावर त्याने काम भागवले होते.

प्रायमरी हा प्रकार आपल्याकडे नाही. इथे तिकीट कोणाला द्यायचे ते पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि नाराजांची समजूत काढत बसतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हेही मतदारच ठरवतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले; त्याआधी त्यांना स्वतःच्याच पक्षातल्या आठ जणांना हरवावे लागले, आणि त्यासाठी सुमारे २८ टक्के मते पुरली. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी तर जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने होतात. प्रत्येक राज्यातून उमेदवारांना डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी मिळतात, आणि ज्याच्याकडे बहुमत त्याला उमेदवारी.

या निवडणुकांत चाचण्या चुकतात आणि भरपूर चुकतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या तुलनेत प्रायमरीतली सरासरी चूक दुपटीच्या आसपास भरते. कारण उघड आहे. मुख्य निवडणुकीत बहुतेक मतदार पक्षाला बांधलेले असतात; कोण कुठे जाणार याची अर्धीअधिक उत्तरे आधीच ठाऊक असतात. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, धोरणेही बरीचशी सारखी. त्यामुळे मतदार शेवटच्या दोन दिवसांत सहज मन बदलतो. बदलले म्हणून त्याची निष्ठा ढळत नाही. शिवाय मतदानाला मुळात येणार कोण, हेच नक्की नसते. काही राज्यांत फक्त पक्षाचे नोंदणीकृत मतदार येऊ शकतात, काहींत कोणीही.

२००८ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामा सरासरी आठ टक्क्यांनी पुढे असल्याचे चाचण्या सांगत होत्या, आणि क्लिंटन तीनेक टक्क्यांनी जिंकल्या. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच राज्यात, बहुतांशी त्याच संस्थांनी रिपब्लिकन पक्षाचा अंदाज मात्र बरोबर दिला होता. तेव्हा 'या लोकांना चाचण्या घेता येत नाहीत' एवढे म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या सर्वेक्षण-अभ्यासकांच्या संघटनेने याची चौकशी करून २००९ मध्ये अहवाल दिला. एकच एक दोषी त्यांना सापडला नाही. काही चाचण्या फार लवकर थांबवल्या गेल्या होत्या, काही गटांपर्यंत फोन पोचलेच नव्हते, अशी लहान-मोठी कारणे एकाच दिशेने साचली होती.

मिशिगनचे २०१६ चे उदाहरण याहून बोलके आहे. चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन २१ टक्क्यांनी पुढे. सिल्व्हरच्याच संकेतस्थळाने त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक वर्तवली. जिंकले बर्नी सँडर्स, दीड टक्क्याने. यामागचे एक कारण आठ वर्षे जुने होते. २००८ मध्ये मिशिगनने पक्षाचे वेळापत्रक मोडून प्रायमरी लवकर घेतली, म्हणून ओबामांनी मतपत्रिकेवरून आपले नावच काढून घेतले. ती लढत झालीच नाही म्हटले तरी चालेल. मग या राज्यात खरी चुरस असेल तेव्हा तरुण किती येतात, कुठल्याच पक्षाला न बांधलेले मतदार किती येतात, हे चाचणीवाल्यांनी ठरवायचे तरी कशावरून? सँडर्स यांचा भार नेमका तरुणांवर होता.

फोनवरच्या उत्तरांवर विसंबायचे नसेल तर दुसरा रस्ता पोब्लानोचा. या पद्धतीला रिग्रेशन म्हणतात. आतापर्यंत मतदान झालेल्या प्रत्येक काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखे हे एकक) माहिती मांडायची: कृष्णवर्णीय लोक किती, पदवीधर किती, वय काय, उत्पन्न काय, शहर की गाव. शेजारी ओबामांना पडलेली मते लिहायची. मग गणिताला विचारायचे, यातल्या प्रत्येक गोष्टीला किती वजन दिले म्हणजे मिळणारे आकडे खऱ्या निकालांच्या जास्तीत जास्त जवळ जातील? ही वजने हाती आली की ज्या राज्यात मतदान व्हायचे आहे तिथले जनगणनेचे आकडे घालायचे, अंदाज बाहेर येतो.

ऐकायला सोपे आहे, पण खाचखळगे बरेच. सर्वांत मोठा धोका वजनांच्या संख्येचा. हाताशी तीस राज्यांचे निकाल आणि तपासायच्या पंचवीस गोष्टी, असे असेल तर गणित प्रत्येक जुना निकाल जवळजवळ हुबेहूब जुळवून दाखवते आणि पुढच्या राज्यात सपशेल आपटते. योगायोगालाही ते नियम समजून बसलेले असते. म्हणून मोजकीच, अर्थ लागणारी वैशिष्ट्ये निवडावी लागतात, आणि राज्याऐवजी काउंटी किंवा लोकसभेच्या मतदारसंघांसारखे लहान तुकडे घ्यावे लागतात.

दुसरा खळगा मला अधिक रंजक वाटतो. ओबामांना कृष्णवर्णीयांची मते प्रचंड प्रमाणात मिळत होती. तर मग ज्या राज्यात कृष्णवर्णीय अधिक तिथे ओबामांची मते अधिक, अशी सरळ रेषा निघायला हवी. ती निघत नाही. साउथ कॅरोलायनात ओबामांना ५५ टक्के मिळाले, ठीक. पण जिथे कृष्णवर्णीय औषधालाही सापडत नाहीत अशा आयडाहोत त्यांना ८० टक्क्यांच्या आसपास मिळाले, आणि व्हर्माँटही त्यांनी आरामात जिंकले. हरले कुठे, तर ओहायो आणि पेन्सिल्व्हेनियात, जिथे कृष्णवर्णीयांचे प्रमाण मधले होते. आलेख काढला तर रेषेऐवजी वाडग्याचा आकार येतो, दोन्ही कडा वर आणि मध्ये खोल. जिथे दोन्ही समाज बऱ्याच संख्येने शेजारी राहतात तिथे गोरे मतदार वंशाच्या रेषेवर अधिक विभागले गेले, हे त्याचे एक स्पष्टीकरण. मिसिसिपीत एक्झिट पोलनुसार कृष्णवर्णीयांपैकी ९२ टक्के ओबामांकडे आणि गोऱ्यांपैकी ७० टक्के क्लिंटन यांच्याकडे गेले. काउंटीची सरासरी पाहून तिथल्या एकेका माणसाबद्दल बोलू नये, असे संख्याशास्त्राचे शिक्षक का बजावतात ते इथे कळते.

न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षी एप्रिलमध्ये हेच चित्र फाट्याफाट्यांच्या झाडाच्या रूपात छापले होते. पहिला प्रश्न, काउंटीत कृष्णवर्णीय २० टक्क्यांहून अधिक आहेत का? 'हो' म्हणणाऱ्या काउंटींपैकी ३८३ ओबामांच्या आणि ७० क्लिंटन यांच्या. 'नाही' असेल तर पुढचा प्रश्न शाळा पूर्ण केलेल्यांच्या प्रमाणाचा. एवढ्या दोन प्रश्नांतच अर्ध्याहून अधिक नकाशा उलगडत होता. सिल्व्हरने आणखी एक चमत्कारिक निकष वापरला. जनगणना खाते 'तुमचे पूर्वज कुठले?' असाही प्रश्न विचारते. लोक आयरिश, जर्मन, इटालियन वगैरे लिहितात. काही जण सरळ 'अमेरिकन' लिहितात. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ पट्ट्यात असे लोक पुष्कळ आहेत, आणि जिथे ते अधिक तिथे क्लिंटन यांची मते अधिक. चाचणीत असे कोणी विचारणारही नाही.

या हिशेबापुढे सर्वांत मोठी पंचाईत झाली ती 'लाट' या शब्दाची. फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या, तेव्हा लाट आली असे म्हटले गेले. मार्चमध्ये ओहायो हरले, तेव्हा ती ओसरली. प्रत्यक्षात कॅलेंडर बदलत होते, मतदार नव्हे. फेब्रुवारीत त्यांच्या सोयीची राज्ये रांगेत होती, नंतर क्लिंटन यांच्या. २० मे रोजी केंटकी आणि ओरेगन यांनी एकाच दिवशी मतदान केले: केंटकीत क्लिंटन ३५ टक्क्यांनी विजयी, ओरेगनमध्ये ओबामा १८ टक्क्यांनी. एका दिवसात दोन लाटा विरुद्ध दिशांना कशा जातील? शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात एका पातेल्यातला हवा. सर्वांत आधी मतदान केलेल्या आयोवाचे शीत दाबून केंटकीबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

मतदान घेण्याच्या पद्धतीचेही वजन धरावे लागते. काही राज्यांत प्रायमरीऐवजी कॉकस होतो. ठरलेल्या वेळी शाळेत किंवा सभागृहात जमायचे, तासन्‌तास बसायचे, सगळ्यांदेखत बाजू घ्यायची. रात्रपाळीचा कामगार, घरी तान्हे मूल असलेली आई, गुडघे धरलेले आजोबा यात कमी दिसतात. उत्साही कार्यकर्ते भरपूर. वॉशिंग्टन राज्यात २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने कॉकस घेतला आणि दोन महिन्यांनी राज्य सरकारने, डेलिगेटशी संबंध नसलेली, प्रायमरीही घेतली. कॉकसमध्ये सँडर्स ७३ विरुद्ध २७ टक्क्यांनी जिंकले. प्रायमरीत क्लिंटन ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी. नेब्रास्कातही तसेच: कॉकस सँडर्स यांचा, प्रायमरी क्लिंटन यांची. राज्य एक, पक्ष एक, उमेदवार तेच. समाजशास्त्रात इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच आयता हाती येतो, आणि तो कोणी मुद्दाम केलेलाही नव्हता.

मग जनगणना पाहून सगळेच कळते का? नाही, आणि २०२० ने ते दाखवून दिले. २००८ मध्ये दोनच उमेदवार उरले होते आणि प्रत्येकाचा मतदार घट्ट होता, म्हणून जुने निकाल पुढे उपयोगी पडले. २०२० मध्ये मैदानात गर्दी होती. आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये जो बायडेन चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात ते जवळपास ४९ टक्के मते घेऊन जिंकले. दुसऱ्या दिवशी पीट बुटिजेज आणि तिसऱ्या दिवशी एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली. क्लोबुशार यांनी लगेच बायडेन यांना पाठिंबा दिला आणि बुटिजेजही त्यांच्यामागे उभे राहिले. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान. त्यातली दहा बायडेन यांनी जिंकली, त्यात मॅसेच्युसेट्सही होते. तिथे त्यांनी प्रचार असा केलाच नव्हता, आणि त्या राज्याच्या स्वतःच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन तिसऱ्या आल्या. तीन दिवसांत घडलेले हे सगळे कुठल्या तक्त्यात सापडणार होते? या वेळी लाट खरी होती. वजने काढायची तर आधीचे निकाल लागतात, आणि ते निकाल ज्या लढतीचे होते ती लढतच संपली होती.

एवढे सगळे झाले तरी मतांचा अंदाज हा अर्धाच हिशेब. उमेदवारी मिळते ती डेलिगेटवर. डेमोक्रॅटिक पक्ष ते मतांच्या प्रमाणात वाटतो, त्यातले बरेचसे मतदारसंघानिहाय, आणि १५ टक्क्यांच्या आतल्याला काही नाही. समजा, एका मतदारसंघाला चार डेलिगेट आहेत आणि उमेदवार दोन. ५१ टक्के मिळाले तरी वाटणी दोन-दोन, ६१ मिळाले तरी दोन-दोन. तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावे लागते. तीन डेलिगेटच्या मतदारसंघात मात्र एका मताची आघाडीही दोन-एक देऊन जाते. म्हणजे कुठे पैसा आणि माणसे ओतायची हे मतदारसंघाचा आकडा सम की विषम यावर ठरते. ओबामांच्या माणसांनी हा हिशेब मन लावून केला होता. त्यांचा राज्यनिहाय अंदाजांचा एक तक्ता ५ फेब्रुवारी २००८ च्या सुपर ट्यूसडेनंतर (एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होते तो मंगळवार) चुकून पत्रकारांच्या हाती लागला. ओहायो, टेक्सास, पेन्सिल्व्हेनिया आपण हरणार, हे त्यात आधीच लिहून ठेवलेले होते. मेन हरू असे लिहिले होते, ते जिंकले. इंडियाना जिंकू असे लिहिले होते, ते निसटले.

टेक्सासमध्ये क्लिंटन यांनी प्रायमरी जिंकली, पण त्याच राज्यात त्याच रात्री झालेले कॉकस जिंकून एकूण डेलिगेट ओबामांनीच अधिक मिळवले. आणि त्याआधी सुपर ट्यूसडेला न्यू जर्सीत ११ लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, क्लिंटन दहा टक्क्यांनी जिंकल्या, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८: आघाडी अकराची. त्याच संध्याकाळी आयडाहोच्या कॉकसला सुमारे २१ हजार माणसे आली. ओबामांना १५, क्लिंटन यांना ३: आघाडी बाराची. तीन दिवस आधी ओबामा आयडाहोत, बॉइझीला, सभा घेऊन आले होते.