मधल्या चौकोनातून निघालेली नक्षी

कागदाच्या मधोमध साधा गोल किंवा चौकोन काढायचा. त्याला लागून समांतर रेघ, रेघेवर पाकळ्या, पाकळ्यांच्या बेचक्यांत पुढची ओळ. काळ्या पेनाने भरत जाणारी अशी नक्षी, म्हणजे मंडल किंवा झेंटँगल, इंदूरच्या मराठी घरात कुणी दाखवली, की "अगं, ही तर आपली ठिपक्यांची रांगोळी!" हे ऐकू येतंच. दिसायला साम्य आहे खरं. घडण बघितली तर मात्र रांगोळी हिची चुलत बहीण. सख्खी बहीण माळव्यातच आहे, ती म्हणजे मांडणा, सारवलेल्या जमिनीवर बोटाने काढायची नक्षी.

ठिपक्यांच्या रांगोळीत सांगाडा आधी उभा राहतो. '१५ ते ८' म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर-खाली एकेक कमी होत टोकाला ८. हा षटकोन मांडून झाला, की कुठली रेघ कुठे जाणार हे जवळपास ठरलेलं असतं. मांडण्यात असं काही नसतं. शेणामातीने सारवलेली जमीन, पांढरी खडी (पाण्यात कालवलेली खडूसारखी माती), लाल गेरू. खडीत भिजवलेला कापसाचा किंवा चिंध्यांचा बोळा हातात दाबायचा, आणि बोटावरून उतरणाऱ्या पाण्याची रेघ ओढत जायची. मध्ये चौक किंवा चांदणी, भोवती दुहेरी रेघ, मग उरलेल्या पोकळ्यांत बारीक तिरप्या रेघा. दिवाळीला शेजारी लक्ष्मीच्या पगल्या, म्हणजे पावलं. केंद्राकडून बाहेर वाढायचं आणि रिकामी जागा भरत न्यायची, ही पेनाच्या नक्षीचीच चाल.

अठराव्या शतकात होळकरांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरं चिमटीतली रांगोळी घेऊन आली, तेव्हा मांडणा इथे होताच. पुढे फरशा आल्या आणि मांडणा मागे पडला. कारण साधं आहे: पातळ खडी सारवलेल्या जमिनीत मुरते, गुळगुळीत फरशीवर टिकत नाही, रांगोळीच्या भुकटीला मात्र कुठलीही जमीन चालते. आता मांडणा दिसतो तो बहुतेक ऑइल पेंटचा नाहीतर स्टिकरचा. (स्टिकरला मांडणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

पेनाने काढायच्या नक्षीचा इतिहास अगदी अलीकडचा. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९१६ मध्ये आपलं पहिलं मंडल काढलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते रोज सकाळी वहीत लहानसं वर्तुळाकार चित्र काढत. मनःस्वास्थ्याशी मंडलाची जोडी जुळली ती तिथून. 'झेंटँगल' ही पद्धत २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रिक रॉबर्ट्स आणि सुलेखनकार मारिया थॉमस यांनी बसवली: साडेतीन इंची चौरस कागद, पेन्सिलची एक फिकी रेघ, मग पेन, खोडरबर नाही. आकाराभोवती समांतर रेघ फिरवण्याला तिथे 'ऑरा' म्हणतात. मांडणा काढणारी बाई हे काम नाव न देता करत आली आहे.

साधनाचाही यात वाटा आहे. ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९८२ मध्ये पिगमेंटची, पाण्याने न पसरणारी शाई आणली. तिच्या मायक्रॉन पेनातलं ०१ नंबरचं टोक ०.२५ मिलिमीटरची रेघ देतं. इतकी बारीक आणि एकसारखी रेघ मिळाल्यावर तळहाताएवढ्या कागदात आठ-दहा फेरे सहज बसतात.

अशा चित्रांनी मन शांत होतं, असा दावा सतत होतो. करी आणि कॅसर या संशोधकांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. मंडल रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली. पण साधं चौकड्यांचं चित्र रंगवणाऱ्यांचीही तेवढीच झाली. कोरा कागद मिळालेल्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे गुण वर्तुळाचा कमी, हाताला मिळालेल्या चौकटीचा जास्त, असं मला वाटतं.

केंद्रातून वाढणाऱ्या नक्षीची अडचण वेगळीच. १२ पाकळ्या म्हणजे प्रत्येकीला ३० अंश. एखादी पाकळी २ अंशांनी सरकली, तर मध्याजवळ ते दिसतही नाही; १० सेंटिमीटरवर मात्र साडेतीन मिलिमीटरची फट पडते, आणि पुढचा प्रत्येक फेरा ती वाढवतो. ठिपक्यांत चूक त्या घरापुरती राहते. म्हणून मंडल काढणारे आधी कंपास आणि कोनमापकाने पेन्सिलची जाळी आखून घेतात. झेंटँगलवाल्यांनी काटेकोर सममितीची अटच सोडून दिली आहे; तिथे सरकलेली रेघ पुढच्या आकाराची सुरुवात धरतात.