वाळणं, मुरणं आणि विणलं जाणं

रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाचा, माझा पहिला लोलक दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता. ‘अजून वाळला नसेल’ असं समजून मी तो उन्हात ठेवला. चार दिवस गेले, चिकटपणा तसाच राहिला. मी चुकीच्या गोष्टीची वाट पाहत होते हे बऱ्याच उशिरा कळलं. त्या लोलकातून काही उडून जायचंच नव्हतं.

हे पटवून घ्यायला एक छोटा वजनकाटा पुरतो. ओल्या मातीचा मणी करून तोला आणि आठवड्याने पुन्हा तोला. वजन पाचव्या ते चौथ्या हिश्शाने उतरलेलं दिसेल, कारण पाणी गेलेलं असतं. तेच इपॉक्सी रेझिनचं करून पाहा. कालच्या पातळ द्रवाचा आज दगड झालेला असतो, पण काटा जवळजवळ हलत नाही. बाजारातली पॉलिमर क्ले भट्टीतून काढून तोलली तरी वजन जवळपास तेवढंच भरतं. तिन्ही वस्तू घट्ट झाल्या, मात्र खऱ्या अर्थाने वाळली ती फक्त माती.

माती म्हणजे अतिसूक्ष्म, चपट्या कणांचा ढीग. कणांमधल्या पाण्याच्या थरामुळे ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून माती हवी तशी वळते. पाणी निघून गेलं की कण जवळ येतात आणि मणी आकसतो. कानातल्याची कडा पातळ आणि मधला भाग जाड असेल तर कडा आधी आकसते. मधला भाग अजून ओलाच असतो, त्या ओढाताणीत तडा जातो. म्हणून वाळवण्यात घाई नको. सावलीत, झाकून, जाडी शक्यतो सारखी ठेवून वाळवावं. वाळलेली माती पाण्यात टाकली तर पुन्हा चिखल होते. भट्टीत 500 ते 600 अंश सेल्सिअसच्या आसपास कणांच्या रचनेत बांधलेलं पाणीही निघून जातं, आणि मग परतीची वाट बंद होते.

पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. ती पीव्हीसी प्लास्टिकची बारीक पूड असते, प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली. साधारण 110 ते 130 अंशांवर तो द्रव पीव्हीसीच्या कणांत मुरतो, कण फुगतात आणि एकमेकांत मिसळून जातात. तापमान कमी पडलं तर मणी वरून कडक दिसतो, पण वाकवला की मोडतो. फार वाढलं तर पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. त्यामुळे पाकिटावरचं तापमान पाळावं, आणि भट्टीच्या आत वेगळा तापमापक ठेवावाच.

मला सगळ्यात लोभस वाटतं ते इपॉक्सी. रेझिनच्या रेणूला दोन्ही टोकांशी ताणलेली कडी असते. त्यात मिसळायचा दुसरा द्रव म्हणजे हार्डनर. त्याच्या रेणूंमधले अमाइन गट (नायट्रोजन असलेले भाग) ती कडी उघडून तिथे जोडले जातात. एकेक हार्डनर रेणू अनेक टोकं पकडतो, आणि धाग्यांऐवजी सगळीकडून गाठी मारलेलं जाळं तयार होतं. विणकाम संपल्यावर अख्खा लोलक जवळजवळ एकच महाकाय रेणू असतो! म्हणूनच तो तापवला तर मऊ पडेल, पण वितळणार नाही.

हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होईल, हा समज इथे कोसळतो. प्रत्येक टोकाला जोडीदार हवा. कुठलाही भाग जास्त झाला तर तो जोडीदाराविना उरतो आणि लोलक कायमचा चिकट राहतो. माझं नेमकं हेच झालं होतं. पाकिटावरचं 2:1 हे प्रमाण आकारमानाचं होतं आणि मी ते वजनाने घेतलं. रेझिन सहसा हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे दोन्ही मापं जुळत नाहीत. शिवाय पेल्याच्या कडेचं आणि तळाचं मिश्रण खरवडून ढवळलं नाही, तर माप बरोबर असूनही चिकट ठिपके राहतात.

यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या रेझिनची तऱ्हा वेगळी. त्यात प्रकाशामुळे रेणू एकमेकांना जोडले जाण्याची साखळी सुरू होते, म्हणून गडद रंगाखाली किंवा जाड थराच्या तळाशी प्रकाश पोहोचला नाही तर तिथे द्रव तसाच राहतो. हवेतला ऑक्सिजनही ही साखळी तोडतो, त्यामुळे बराच वेळ दिव्याखाली ठेवूनही कधीकधी फक्त वरचा पापुद्रा चिकट लागतो.

कच्च्या रेझिनशी हयगय मात्र करू नका. ते वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, आणि घासकाम ओल्या सँडपेपरनेच करावं.

माती आणि रेझिन एकत्र आणताना गंमत वाढते. भाजलेल्या मातीच्या छिद्रांत हवा असते. जाळं विणलं जाताना उष्णता निघते, हवा फुगते आणि बुडबुडे वर येतात. त्यावर उपाय म्हणजे आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवायची, तो घट्ट झाल्यावर पुढचं ओतायचं. दुसरी अडचण तापमानाची आहे. तेवढ्याच उष्णतेने इपॉक्सी भाजलेल्या मातीच्या सुमारे दहापट प्रसरण पावतं, त्यामुळे गुळगुळीत खोबणीतला रेझिनचा तुकडा काही महिन्यांनी सुटून येऊ शकतो. मी आता माती ओली असतानाच खोबणीच्या तळाशी सुईने आडवेउभे ओरखडे काढते आणि कडा किंचित आत वळवते.