पेशीमृत्यूतील डीएनए-छेदक विकरे

नियोजित पेशीमृत्यूच्या, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसच्या, ओघात केंद्रकातील डीएनएचे तुकडे करणारी आणि पुढे ते पचवून टाकणारी विकरे. कॅड, एंडोन्यूक्लिएज जी, डीएनएज २ आणि रक्तात वावरणारी डीएनएज १ व डीएनएज १एल३ ही त्यांतील महत्त्वाची. पेशी मरते ती याच विकरांमुळे, असा समज विद्यार्थ्यांत फार आढळतो. प्रत्यक्षात कापाकापी जोरात सुरू होते तोवर मृत्यूचा निर्णय होऊन गेलेला असतो. कॅड निष्प्रभ केलेल्या पेशीही मरतात, फक्त त्यांच्या डीएनएचे ठरावीक मापाचे तुकडे पडत नाहीत. या विकरांचे खरे काम विल्हेवाटीचे, आणि त्याचे मोल ते काम अडल्यावर कळते.

जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये अ‍ॅपॉप्टोसिस ही संज्ञा मांडली ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून: पेशी आक्रसते, केंद्रकद्रव्य घट्ट होते, पेशीच्या छोट्या पुटिका होतात. रेणूंच्या पातळीवरची ठळक खूण १९८० मध्ये वायली यांनी दाखवली. उंदराच्या थायमस या छातीतील प्रतिकारग्रंथीतील पेशींना ग्लुकोकॉर्टिकॉइड हे संप्रेरक देऊन त्यांचा डीएनए जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवला, तेव्हा पट्ट्यांची शिडी दिसली. प्रत्येक तुकडा सुमारे १८० ते २०० बेस-जोड्यांच्या (बेस-जोडी म्हणजे डीएनएच्या लांबीचे एकक) पटीत होता. दुखापतीने किंवा विषाने एकदम फुटलेल्या पेशींचा डीएनए सहसा असा नेमका तुटत नाही. तो जेलवर नुसता फराटा होऊन पसरतो.

ही मापे येतात कुठून? मानवी पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. दर गुंडाळीत, म्हणजे न्यूक्लिओसोममध्ये, साधारण १४७ बेस-जोड्या असतात आणि दोन गुंडाळ्यांमध्ये थोडा मोकळा दुवा. विकराला हा दुवाच कापता येतो. एका दुव्यापासून पुढच्या दुव्यापर्यंतचे अंतर म्हणजे शिडीची एक पायरी.

शिडी पाडणारे प्रमुख विकर कॅड, म्हणजे कॅस्पेजने सक्रिय होणारे डीएनएज. १९९७ मध्ये शाओदाँग वांग यांच्या गटाने ते ज्या प्रथिनजोडीचा भाग आहे ती जोडी डीएफएफ या नावाने ओळखली, आणि १९९८ मध्ये जपानमधील शिगेकाझु नागाता यांच्या गटाने कॅड व त्याचा रोधक आयकॅड यांचे नाते उलगडले. निरोगी पेशीत कॅड आयकॅडला जखडलेले असते. मरणाचा संकेत मिळाला की कॅस्पेज-३ हे प्रथिन-छेदक विकर आयकॅडला दोन ठिकाणी, ११७ आणि २२४ क्रमांकांच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लांपाशी, तोडते. सुटलेल्या कॅडचे दोन रेणू एकत्र येऊन कात्रीसारखा आकार घेतात. त्यांच्यामधली खाच अरुंद असते. मोकळा डीएनए तिच्यात शिरतो, हिस्टोनभोवती गुंडाळलेला शिरू शकत नाही.

या यंत्रणेतील सर्वांत सुंदर गोष्ट आयकॅडच्या दुहेरी भूमिकेत आहे. रायबोसोमवर तयार होताना कॅडची घडी नीट बसण्यासाठी आयकॅडचीच मदत लागते. ती न मिळाल्यास कॅड निकामी निपजते. म्हणजे बांधलेले नसलेले आणि तरीही धडधाकट असे कॅड निरोगी पेशीत बनतच नाही. इतके धोकादायक विकर आयुष्यभर जवळ बाळगायचे तर सुरक्षेची सोय त्याच्या जन्मातच हवी. कॅस्पेज-३ त्याच वेळी पार्प-१ या डीएनए-दुरुस्तीच्या प्रथिनालाही तोडते, त्यामुळे कापलेल्या डीएनएच्या निरर्थक डागडुजीत पेशीची ऊर्जा खर्ची पडत नाही.

कॅडने कापलेल्या टोकाशी ३' बाजूला हायड्रॉक्सिल गट उरतो. १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या टनेल पद्धतीत याच टोकांना खूण केलेले न्यूक्लिओटाइड जोडून मरणाऱ्या पेशी ऊतीच्या कापात जागच्या जागी पाहता येतात. बडोद्याला हा विषय परका नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घरातल्या भिंतीवरच्या पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी उगवते याचा अभ्यास कित्येक दशके चालला आहे. अशा पुनर्जननात किती पेशी वाढल्या याइतकेच किती मेल्या आणि कुठे मेल्या हेही पाहावे लागते. मात्र टनेलवर एकट्याने भरवसा ठेवू नये, कारण इतर कारणांनी तुटलेली टोकेही त्यात रंगतात. शिडी आणि कॅस्पेजची चाचणी जोडीला हवी. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतून विज्ञान शाखेत येणाऱ्या मुलांना हे सारे इंग्रजीतून शिकावे लागते, म्हणून येथे ते सविस्तर दिले आहे.

एंडोन्यूक्लिएज जी तंतुकणिकेत राहते आणि मृत्यूच्या वेळी तेथून सुटून केंद्रकात पोहोचते, असे २००१ मध्ये दाखवले गेले. सूत्रकृमीत त्याची भूमिका स्पष्ट आहे. सस्तन प्राण्यांबाबत सावधगिरी बरी: हे विकर नसलेले उंदीर गर्भातच मरतात असे आधी वाटले होते, पण शेजारचे जनुकही बिघडले होते असे पुढे उघड झाले. फक्त हेच विकर काढलेले उंदीर जगतात आणि वाढतात. अनेक पाठ्यपुस्तके त्याला कॅडच्या बरोबरीने बसवतात, ते पटण्यासारखे नाही.

डीएनएज २ ची गोष्ट वेगळी. ते मरणाऱ्या पेशीत नव्हे, तिला गिळणाऱ्या मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या लयकारिकांमध्ये, म्हणजे पचनाच्या पिशव्यांमध्ये, आम्लधर्मी वातावरणात काम करते. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि प्रत्येकीची पूर्वज पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. ती केंद्रके मॅक्रोफेज गिळतात. २००१ मध्ये नागाता यांच्याच गटाने डीएनएज २ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा गर्भाच्या यकृतातील मॅक्रोफेज न पचलेल्या डीएनएने फुगले आणि पिल्ले तीव्र रक्तक्षयाने दगावली. हा साठलेला डीएनए विषाणूचा असावा अशा थाटात मॅक्रोफेज इंटरफेरॉन बीटा हे विषाणूविरोधी संकेत-प्रथिन सोडत होते आणि त्यानेच रक्तनिर्मिती खुंटली होती. इंटरफेरॉनचा संकेत टिपणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, काढून टाकल्यावर पिल्ले जन्मली आणि वाचली. कॅड नसले तर शरीर निभावून नेते, डीएनएज २ नसले तर नाही. याच कुळातील डीएनएज २ बीटा डोळ्याच्या भिंगातील तंतुपेशींची केंद्रके नाहीशी करते. ते नसलेल्या उंदरांना मोतीबिंदू होतो.

गिळून पचवण्यातून निसटलेले तुकडे रक्तात येतात. तेथे डीएनएज १ आणि डीएनएज १एल३ ते आणखी बारीक करतात. डीएनएज १एल३ चे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेल्या मुलांना ल्युपस हा स्वतःच्याच शरीरावर प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजार होतो, हे २०११ मध्ये काही कुटुंबांच्या अभ्यासातून कळले. साध्या ल्युपसमध्येही रुग्णाची प्रतिपिंडे स्वतःच्याच डीएनएवर उठतात.

रक्तातील या तुकड्यांची नेहमीची लांबी सुमारे १६६ बेस-जोड्या, म्हणजे एक गुंडाळी आणि तिला लगडलेला दुव्याचा भाग. गर्भवतीच्या रक्तात गर्भाचा डीएनएही असतो, हे डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले; हे तुकडे मुख्यतः अपरेच्या मरणाऱ्या पेशींचे असतात. गर्भारपणाच्या दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्ताच्या नमुन्यावर डाउन सिंड्रोमची चाळणी होते ती त्यांच्याच आधारे. तुकड्यांवरून गर्भाचे लिंगही कळू शकते, पण ते सांगण्यास भारतात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.